ममतानं बसवलेलं कार्ड

ही गोष्ट ममता मुनेश्वरची आहे. पण या गोष्टीत मी इतका वाईट वागलो आहे की मला बाजूला ठेवून ती सांगता येत नाही. म्हणून आधी माझं सांगतो.

माझं नाव संजय आडे. आर्णीत दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचं शूटिंग करायचं, दुकानात बसून कॉम्प्युटरवर त्याची मिक्सिंग करायची आणि सीडी बनवून द्यायची, हा माझा धंदा. आमचा तांडा आर्णीपासून नऊ-दहा किलोमीटरवर. आसपासच्या बंजारा तांड्यांमधली बहुतेक लग्नं माझ्याकडेच यायची, कारण आमच्यातला कॅमेरा धरणारा मी एकटाच होतो.

कापसाची ती वाईट वर्षं होती. शेतात काय चाललं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्या दुकानात ते वेगळ्या रीतीनं दिसायचं. लग्नाच्या ऑर्डरी कमी होत चालल्या होत्या आणि मतदान ओळखपत्रावरचा बोटाएवढा फोटो घेऊन येणारी माणसं वाढली होती. "मोठा करून द्या, हार घालाचा हाय," एवढंच म्हणायची. मी विचारत नसे, ती सांगत नसत.

ममताचं दुकान माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून, तिच्या घराच्याच ओसरीत. तिचे वडील उकंडाकाका गावातल्या एका जिनिंगमध्ये, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, वायरमन होते. शिकलेले सातवी, पण मोटर चालू झाली की आवाजावरून ती किती अँपिअर ओढते ते सांगायचे. ममता लहानपणी डबा घेऊन जिनिंगमध्ये जायची तेव्हा ते तिला पॅनलसमोर उभं करायचे. एकदा एक मोटर दुरुस्त होऊन आली. पाटीवर दहा हॉर्सपॉवर लिहिलेलं, आत गुंडाळलेली तार मात्र बारीक. उकंडाकाकांनी ती चालवायला नकार दिला. मालकानं दुसऱ्याकडून चालवून घेतली आणि तिसऱ्या दिवशी रुईच्या ढिगाशेजारी ती पेटली. सुदैवानं माणसं वाचली. ममता तेव्हा अकरा वर्षांची होती. जळक्या रुईचा वास आठवडाभर गावावर होता, असं ती सांगायची.

पुढे जिनिंगमध्ये कापूसच येईनासा झाला आणि २००६ साली तिला कुलूप लागलं. तोवर उकंडाकाकांच्या छातीत वीस वर्षांची रुई जाऊन बसली होती. दहा पावलं चालले तरी धाप लागायची. ममतानं यवतमाळच्या आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स केलं होतं आणि तिथल्याच एका कॉम्प्युटरच्या दुकानात ती काम करत होती. वडिलांसाठी ती परत आली आणि ओसरीत टेबल टाकून बसली. सुरुवातीला लोक मशीन घेऊन यायचे आणि विचारायचे, "भाऊ कुठं गेला?" ती म्हणायची, "भाऊ नाई. काय झालं ते मलेच सांगा." आई पंचफुलाकाकू आतून ऐकत असायच्या. पहिलं वर्ष त्यांनी फार काळजीत काढलं. पण ममताचं काम चोख होतं आणि ती थापा मारत नसे. हळूहळू स्टँपव्हेंडर, शाळा, नेटकॅफे, सगळ्यांची मशीनं तिच्याकडे जाऊ लागली. माझंही.

२००९ च्या मे महिन्यात आमच्या तांड्यातल्या लालसिंगमामाच्या मुलीचं, बबिताचं लग्न झालं. लालसिंगमामा माझ्या आईचे चुलतभाऊ. शूटिंग मीच केलं. कॅसेटमधलं सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतलं आणि तीच कॅसेट पुढच्या लग्नाला वापरली. आम्ही सगळे तेव्हा तसंच करत होतो, कॅसेट पुसून पुन्हा चालवायचो. मामांना सीडीची घाई नव्हती. "दिवाळीपर्यंत दे," म्हणाले.

भादव्यात मामा गेले. कपाशीवर फवारणी करत होते. उलटा वारा आला, पंप गळत होता, दिवसभर ओल्या सदऱ्यानंच काम केलं. संध्याकाळी डोळ्यांना दिसेनासं झालं. चौथ्या दिवशी यवतमाळच्या दवाखान्यात वारले. बावन्न वर्षांचा माणूस.

तेरवीनंतर चंदामामी बबिताला घेऊन माझ्या दुकानात आल्या. मामी बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, "संजू, लग्नात तुह्या मामाले काढलं नं तू?"

"काढलं, मामी. पाठवणीत तं लई वेळ हायेत ते."

"बोलते का त्याच्यात?"

"बोलतात."

"मंग दे आता बनवून," त्या म्हणाल्या.

मी शब्द दिला. आणि मला वाटलं, साधी सीडी कशाला द्यायची? दिग्रसचा एक स्टुडिओवाला तेव्हा नव्या पद्धतीची टायटलं करायचा. ढगांमधून फोटो वर येतो, मागून किरणं फुटतात, अक्षरं फिरत फिरत जवळ येतात. लोक त्याच्याकडे वळायला लागले होते. मामांचा फोटो असा ढगांतून आणायचा असं मी ठरवलं. माझ्या मशीनवर ते काम चालत नव्हतं. नागपूरला गेलो आणि सीताबर्डीवरून नवीन ग्राफिक कार्ड घेऊन आलो. खरं सांगायचं तर मामांच्या निमित्तानं मला ते कार्ड घ्यायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी ममताकडे मशीन नेलं. तिनं कार्ड हातात घेतलं, उलटं-पालटं करून पाहिलं आणि आधी खोका वाचायला लागली. मग कॅबिनेटचं झाकण उघडून आतल्या एसएमपीएसवरचं, म्हणजे सगळ्या मशीनला करंट पुरवणाऱ्या त्या पत्र्याच्या डब्यावरचं, लेबल वाचलं.

"संजूभाऊ, हे याच्यावर नाई चालन."

"काहून? साडेचारशे वॅट लिहून हाय. कार्डाले चारशेचा पाहिजे. मी वाचून आलो."

"तो साडेचारशे सगळा मिळून हाय. कार्ड बाराच्या लाईनवर चालते. पिवळ्या तारा पाह्य, बारा व्होल्टच्या. त्याच्यावर चौदाच अँपिअर हायेत." तिनं कागद ओढला आणि बारा गुणिले चौदा करून माझ्यासमोर ठेवलं. एकशे अडुसष्ट. "कार्ड एकटं शंभराच्या जवळ घेईन. प्रोसेसर पासष्ट. डिस्क, पंखे वेगळे. भागत नाई. आन् हे चौदा बी खरे हायेत का नाई, देव जाणे. डबा उचलून पाह्य कसा हलका लागते. आत मालच नाई."

कार्डाला मागच्या बाजूनं वेगळी तार जोडायची असते. माझ्या एसएमपीएसला ती तारच नव्हती. खोक्यात एक जोड मिळाली होती, डिस्कच्या दोन तारांमधून कार्डाची एक तार बनवणारी. मी ती पुढे केली.

"हे लाव की. त्यायनं त्याच्यासाठीच देल्लं."

ती जोड हातात धरून ममता म्हणाली, "भाऊ, ज्यानं हा डबा बनवला त्यानं ही तार काहून नाई देल्ली? त्याले माहीत होतं का हा डबा एवढं ओढू शकत नाई. आपण जबरदस्ती तार काढून राह्यलो."

तिनं नागपूरहून चांगला एसएमपीएस मागवायला सांगितलं. ट्रॅव्हल्सनं यायला आठ दिवस लागणार होते. मला थांबायचं नव्हतं. तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं, त्यानंतर लग्नसराई. मी आवाज चढवला. "तू नाई बसवत तं सांग. यवतमाळवरून माणूस आणतो. मंग पुढचं काम बी तिकडेच."

आतून उकंडाकाकांच्या खोकण्याचा आवाज येत होता. ममतानं एकदा आत पाहिलं. तिच्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये माझं काम सगळ्यात जास्त होतं, हे मला माहीत होतं आणि ते तिलाही माहीत होतं. शेवटी तिनं स्क्रूड्रायव्हर उचलला.

"दोन गोष्टी ऐक, भाऊ. डिस्कमधलं सगळं आजच दुसऱ्या डिस्कमध्ये काढून ठेव. आन् नवा एसएमपीएस येईपर्यंत कार्डाले जड काम देऊ नोको. नुसतं चालू करून पाह्य, बस."

"हो," मी म्हणालो. दोन्हीला हो म्हणालो.

पाच दिवस मशीन चांगलं चाललं. त्यामुळे मला वाटलं, ममता उगाच घाबरवते. डिस्कमधलं काही मी काढून ठेवलं नाही. सहाव्या दिवशी दुपारी दोनला भारनियमन संपून लाईन आली. मी मामांचं टायटल तयार करून ठेवलंच होतं. ढग, किरणं, अक्षरं, सगळं लावून मशीनला अंतिम फिल्म बनवायला सांगितलं आणि समोर चहा प्यायला गेलो. परत आलो तेव्हा पंख्याचा आवाज कधी नव्हे इतका चढला होता. पडद्यावर बावीस टक्के दिसत होतं. मी खुर्ची ओढली. तेवढ्यात फटकन आवाज झाला, पडदा काळा पडला आणि मागच्या जाळीतून करड्या धुराची एक रेघ वर आली.

कॅबिनेट तसंच उचलून ममताकडे नेलं. तिनं वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "काढून ठेवलं होतं?" मी मान हलवली, नाही. तिनं दुसरा एसएमपीएस लावून एकेक वस्तू तपासली. कार्ड वाचलं होतं. डिस्क मात्र फिरतच नव्हती. जाता जाता जुन्या डब्यानं बाराच्या लाईनवर जास्तीचा झटका सोडला होता आणि तो डिस्कनं खाल्ला होता.

तांड्यात बातमी कशी गेली कोण जाणे. दुसऱ्याच दिवशी चंदामामी आणि बबिता थेट ममताच्या ओसरीत आल्या. मी तिथंच होतो. टेबलावर मशीन उघडं पडलेलं.

"काय झालं, संजू?" मामींनी विचारलं.

मी म्हणालो, "लाईटीचा झटका आला, मामी. दुपारी लाईन आली तसं एकदम जास्त व्होल्टेज आलं. त्याच्यात उडालं."

हे मी इतक्या सहज बोललो की क्षणभर मलाच खरं वाटलं. सगळ्यांचं काही ना काही लाईटीनं जळायचंच. कुणी शंका घेतली नसती.

ममता उठून उभी राहिली. "लाईटीचं नाई, मामी," ती म्हणाली. "नवं कार्ड मशीनले झेपणार नव्हतं. मले माहीत होतं. तरी मी बसवलं."

बबिता तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "माहीत होतं तं काहून बसवलं?"

"चुकलं माह्यं."

"माह्या बापाचा आवाज होता त्याच्यात. दुसरा कुठंच नाई. माहीत हाय का तुले?"

"काल समजलं," ममता म्हणाली.

ती माझ्याकडे पाहत नव्हती. मी तिला धमकी दिली होती, तिनं दोन अटी घातल्या होत्या आणि मी दोन्ही मोडल्या होत्या, यातलं एक अक्षर ती बोलली नाही. चंदामामी ओसरीच्या पायरीवर खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. बबितानं त्यांना उठवून नेलं. मी त्यांच्यामागून निघालो, जणू मीही त्यांच्याच बाजूचा होतो.

दोन-चार दिवसांत गावभर झालं की ममतानं संजूचं मशीन जाळलं. स्टँपव्हेंडर आपला प्रिंटर परत घेऊन गेला. नेटकॅफेवाल्यानं यवतमाळचा माणूस लावला. एक जण ओसरीत उभं राहून पंचफुलाकाकूंना बोलला की पोरीच्या हाती असली कामं द्यायचीच नसतात. हे सगळं मला कळत होतं. मी दुकानात पासपोर्ट फोटो काढत बसलो होतो.

त्यानंतरच्या पंधरा दिवसांत ममतानं काय केलं ते मला नंतर कळलं.

नागपूरहून चांगला एसएमपीएस आला तेव्हा तिनं डिस्क त्याला जोडून पाहिली. पंखा जरासा हलला आणि थांबला. डिस्क काढली की सगळं सुरळीत. जोडली की पुन्हा बंद. तिनं खाटेवर पडलेल्या वडिलांना हे सांगितलं. उकंडाकाकांनी डिस्क कधी पाहिली नव्हती. त्यांनी ती छातीवर ठेवून घेतली, हिरव्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि धापा टाकत म्हणाले, "म्हणजे कुठंतरी शॉर्ट हाय. मोटर जळाली का तिच्या समोरचा राखणदार जळाला, हे आधी पाह्य. राखणदार जळाला असन तं मोटर जित्ती हाय."

ती मीटर घेऊन बसली. त्या हिरव्या पट्टीवर, तार आत शिरते तिथं, ज्वारीच्या दाण्याएवढा एक काळा भाग होता. जास्तीचा करंट आला तर तो स्वतः मरतो आणि पुढचं वाचवतो. मीटरनं तोच मेलेला दाखवला. मरताना त्यानं वाट अडवून धरली होती. तो उपटून काढला तर डिस्क फिरण्याची शक्यता होती. पण असलं काम तिनं कधी केलं नव्हतं, आणि हात जरा चुकला असता तर शेजारची रेघही निघाली असती. ती यवतमाळला गेली, भंगारवाल्याकडून दोन मेलेल्या डिस्का आणल्या आणि सहा दिवस त्यांच्यावर हात बसवला.

मग ती एकटीच ऑटोनं आमच्या तांड्यात गेली. मामींच्या दारात उभी राहून म्हणाली, "जय भीम, मामी. डिस्क तुमची हाय. हात लावायच्या आधी विचाराले आली." काय करणार, ते समजावून सांगितलं. जमलं तर डिस्क एकदाच फिरेल, पुन्हा फिरेल याचा भरवसा नाही आणि अजिबात फिरली नाही तर मग काहीच उपाय नाही, हेही सांगितलं. मामी म्हणाल्या, "कर. पण आमच्यासमोर कर."

ठरलेल्या दिवशी सकाळी सातला मामी आणि बबिता तिच्या ओसरीत येऊन बसल्या. नऊला लाईन जायची, तोवर दोन तास. ममतानं मलाही निरोप पाठवला होता, कारण कोणत्या नावाखाली काय ठेवलं ते मलाच माहीत होतं. मी दाराशी उभा राहिलो. बसायला कुणी सांगितलं नाही.

तिनं डिस्क कापडावर ठेवली, शेजारी टेबलफॅन लावला. सोल्डरिंगचं गरम केलेलं टोक त्या काळ्या दाण्याला लावलं आणि चिमट्यानं तो उचलला. तीन सेकंदांचं काम. मग नव्या एसएमपीएसची तार जोडली आणि बटण दाबलं. आधी काहीच झालं नाही. मग बारीक, चढत जाणारा आवाज आला. डिस्क फिरायला लागली होती. खाटेवरून उकंडाकाका म्हणाले, "जित्ती हाय."

ममतानं बबिताकडे वळून विचारलं, "सगळं निघन का नाई सांगता येत नाई. आधी काय काढू?"

"पाठवणी," बबिता म्हणाली.

"संजूभाऊ, कोणत्या नावानं हाय?"

"बबिता, चार नंबर," मी म्हणालो.

सतरा मिनिटांची ती फाईल निघायला बरोबर नऊ मिनिटं लागली. ती आल्यावर ममतानं ती दुसऱ्या डिस्कवर तर घेतलीच, वर लगेच एका सीडीवरही उतरवली आणि मगच पुढच्या फाईलला हात घातला. हळदीची फाईल अर्ध्यावर असताना डिस्कमधून टक टक असा आवाज सुरू झाला. ममतानं थांबून पाहिलं, पुन्हा चालू करून पाहिलं. दर वेळी तसाच आवाज आला. हळद, वरात, जेवणाच्या पंगती, सगळं त्या डिस्कमध्येच राहिलं.

"बाकीचं गेलं, मामी," ती म्हणाली.

मामी म्हणाल्या, "जाऊ दे."

त्याच दिवशी दुपारी लाईन आल्यावर तांड्यात, मामींच्या घरी, टीव्हीवर ती सीडी लावली. मामींनी ममताला सोबत आणलं होतं. ढग नव्हते, किरणं नव्हती, मागे गाणं नव्हतं. माझा कॅमेरा हलत होता, कुणाचं तरी डोकं मध्ये येत होतं. बबिता बापाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणत होती. आमच्यात सासरी निघालेली मुलगी रडत रडत एकेकाला मिठी मारून जे गाणं म्हणते ते. लालसिंगमामांना त्याला उत्तर देता येत नव्हतं. ते नुसते तिच्या पाठीवर हात फिरवत होते. मग पागोट्याच्या शेवानं त्यांनी तिचं तोंड पुसलं आणि अगदी रोजच्या आवाजात विचारलं, सकाळपासून पाणी प्यायलीस का?

टीव्हीसमोर बसलेल्या मामी एकदम बोलून गेल्या, "असाच बोलाचा. पाण्याचंच विचाराचा." मग त्या रडल्या. तेरवीतही त्या मोठ्यानं रडल्या नव्हत्या, असं बबिता नंतर म्हणाली. "याडी, याडी," करत ती आईला धरून बसली. ती सतरा मिनिटं पुन्हा लावली, आणि पुन्हा.

तिसऱ्यांदा संपल्यावर मी उभा राहिलो. घरात दहा-बारा माणसं होती, तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख, हरिसिंग आजोबाही होते. मी सगळं सांगितलं. ममतानं नको म्हटलं होतं, मी काम काढून घ्यायची धमकी दिली, तिनं घातलेल्या दोन्ही अटींना हो म्हणून एकही पाळली नाही, आणि लाईटीचं खोटं बोललो.

मामी म्हणाल्या, "ती पोरगी तोंडावर ऐकून घेऊन राह्यली होती, तवा कुठं होता तू?"

"तिथंच होतो, मामी."

"हो. तिथंच होता." त्या उठल्या आणि ममताला म्हणाल्या, "चाल, जेवून जाय." ममताला त्यांनी आत चुलीपुढे बसवून ज्वारीची गरम बाटी, आमच्यातली भाकर, वाढली. मी बाहेर मोटरसायकलला टेकून उभा राहिलो, कारण तिला आर्णीला परत मलाच सोडायचं होतं.

वाटेत मी म्हणालो, "ममता, मले माफ कर."

ती मागं बसली होती. तिथूनच म्हणाली, "मी मामीले खोटं नव्हतं सांगतलं, भाऊ. बसवलं मीच. तुह्या भीतीनं बसवलं, पण हात माह्याच होता. तुह्यं तू आज सांगतलं, बरं झालं. गावात बी सांग."

दुसऱ्या दिवसापासून मी सांगत फिरलो. स्टँपव्हेंडरला, शाळेत, नेटकॅफेत. काहींनी ऐकून घेतलं. काहींना वाटलं, ममतावर दया येऊन मी तिला वाचवतोय. शाळेचं काम लवकर परत आलं, नेटकॅफेचं कधीच आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात उकंडाकाका वारले. बुद्धवंदनेला मी गेलो होतो. पंचफुलाकाकूंनी मला ओळखलं आणि बसायला चटई दिली.

ममता त्यानंतर एक गोष्ट करायला लागली. कुणी नवं कार्ड घेऊन आलं की ती आधी कार्डाचा खोका आणि एसएमपीएसचं लेबल शेजारी शेजारी ठेवायची आणि गिऱ्हाईकालाच वाचायला लावायची. गुणाकारही त्यालाच करायला सांगायची. उत्तर कमी आलं तर झाकण लावून मशीन परत द्यायची. रागावणारे रागावून जायचे. तिच्या चेहऱ्यावर त्याचं काही दिसत नसे, पण अशा दिवशी ती दुपारी जेवायची नाही, असं काकू सांगायच्या. माझं जुनं कॅबिनेट तिनंच नव्यानं बांधून दिलं. त्यात मी ते कार्ड आणखी चार वर्षं चालवलं. ढगांचं टायटल मात्र कुणाच्याच फिल्मला लावलं नाही.

सव्वा वर्ष चंदामामी माझ्याशी बोलल्या नाहीत. लग्नाकार्यात समोर आल्या तरी दुसरीकडे पाहायच्या. आईनं मध्ये पडायचा प्रयत्न केला, तो मी थांबवला.

२०११ च्या माघात त्या दुकानात आल्या. सोबत बबिता, तिच्या कडेवर मुलगा. बाकावर बसून मामींनी आधी पाणी मागितलं. मी दिलं. ते पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "याचं जावळ हाय पुढच्या बुधवारी. फोटो बी काढाचे, फिल्म बी काढाची."

"येतो, मामी."

"कॅसेट पुसू नोको."

"नाई पुसत. कॅसेट तुमच्याजवळच देतो."

त्यांनी कोपऱ्यातल्या कॅबिनेटकडे बोट केलं. "आन् हे? हे बरोबर हाय का आता?"

"ममतानं पाहून देल्लं, मामी."

मामींनी मान हलवली. पोराला बबिताच्या कडेवरून स्वतःकडे घेतलं आणि त्याला कॅमेऱ्यासमोरच्या लाकडी स्टुलावर बसवलं. "एक फोटो आताच काढ," म्हणाल्या, "बुधवारी केस जातीन त्याचे."